घरोट, मोनोब्लॉक आणि आभासी पाना

आमच्या खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. असोद्यात अजून कितीतरी घरांत तो आहे, पण दळण गिरणीवर जातं आणि घरोट लग्नातल्या हळदीपुरता कोपऱ्यातून बाहेर निघतो. याच गावात 1880 साली कवयित्री बहिणाबाईंचा जन्म झाला. महाजनांची ही लेक लग्न होऊन जळगावला चौधरींच्या घरी गेली, जन्मभर शेतात आणि घरोटावर राबली. अक्षरओळख नव्हती, तरी गाणी सुचत गेली. घरोटावरही त्यांचं गाणं आहे. मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी ती गाणी उतरवून घेतली, आणि बहिणाबाई गेल्यावर 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचं पुस्तक निघालं.

मला आज घरोट हवा आहे तो यंत्र म्हणून. आभासी वास्तवात, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणाऱ्या जगात, यंत्राचे भाग हाताला दाद देणारे कसे करतात हे समजून घ्यायचं तर घरोटाइतकं सोपं यंत्र दुसरं नाही. वरची तळी, खालची तळी, मधली खीळ, धरायला खुंटा आणि दाणे टाकायला तोंड. एवढाच संसार.

मी स्वतः हे काम शिकलो तेव्हा पहिल्यांदा घरोटच केला. त्याचं चित्र उभं करायला एक दुपार पुरली. काळ्या दगडाचा पोत, टाकीच्या खुणा, हात लागून लागून खुंट्याला आलेली झाक, सगळं जमलं. हेडसेट लावला, कंट्रोलरचं बटण दाबून खुंटा धरला आणि ओढला, तर खुंटा जागच्या जागी राहिला आणि अख्खी तळी त्याच्याभोवती फिरली. दगड भिंतीतून आरपार गेला आणि परत आला. दिसायला घरोट, वागायला भलतंच काहीतरी.

चूक साधी होती. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक वस्तूला एक मूळबिंदू असतो. वस्तू फिरते ती त्या बिंदूभोवती, उचलली जाते ती त्या बिंदूच्या हिशोबाने. माझ्या तळीचा मूळबिंदू खुंट्यात पडला होता. तो खिळीवर आणल्याबरोबर घरोट घरोटासारखा फिरला. प्रशिक्षणासाठी यंत्र तयार करणाऱ्याचं पहिलं काम हेच: प्रत्येक भागाचा मूळबिंदू त्याच्या खऱ्या आसावर नेऊन ठेवायचा. दाराचा बिजागरीवर, झडपेचा तिच्या दांडीवर, पंख्याचा शाफ्टच्या मध्यावर. शेकडो भाग असले तर याच कामात दिवस जातात, आणि नंतर ते कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

आता दुसरी गोष्ट. मोकळी वस्तू सहा प्रकारे हलू शकते. पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली सरकणं हे तीन, आणि या तीन दिशांभोवती फिरणं हे आणखी तीन. घरोटाची तळी यांतल्या पाच हालचालींना नकार देते आणि एकीला होकार. खुंटा कितीही आडवातिडवा ओढा, खीळ त्यातला फक्त फिरवणारा जोर घेते आणि बाकीचा गिळून टाकते. सॉफ्टवेअरमध्ये नेमकं हेच लिहावं लागतं: हात कुठे गेला ते बघ, त्या हालचालीतला खिळीभोवतीचा भाग तेवढा काढ, बाकीचा सोडून दे. आणि एक अपवाद ठेव: तळी दोन्ही हातांनी धरून सरळ वर उचलली तर ती खिळीवरून निघू दे, कारण टाकी लावायला ती काढावीच लागते.

मला या सगळ्या विद्येचं मर्म इथे दिसतं. आभासी भाग खरा वाटतो तो त्याच्या नकारांमुळे. तो काय करू देत नाही, किती करू देतो, आणि काय केल्यावर करू देतो, यांतून हात शिकतो. रंगरूप डोळ्यांची समजूत घालतं, पण हाताला काही शिकवत नाही.

घरोटावरून विहिरीवर जाऊ. असोदा, भादली या पट्ट्यातली भरिताची वांगी आणि केळी पिढ्यान् पिढ्या विहिरींवर पोसली. मोनोब्लॉक पंप इथल्या पोरांना सायकलीइतकाच ओळखीचा. एकाच शाफ्टवर एका बाजूला मोटर, दुसऱ्या बाजूला पाणी फेकणारा पंखा, म्हणजे इंपेलर. पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या टोकाला फुटव्हॉल्व्ह. शेतकऱ्याच्या तोंडी त्याचा 'फुटबॉल' झाला. पंप पाणी ओढतो म्हणजे खरं तर आतली हवा कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. तो दाब समुद्रसपाटीलाही 10.3 मीटरच्या वर पाणी चढवू शकत नाही, आणि घर्षण, सांध्यांतली गळती धरली तर व्यवहारात सहा-सात मीटरच. म्हणून पाणी खोल गेलं तसा पंपही विहिरीत टप्प्याटप्प्याने खाली उतरला, आणि शेवटी मोनोब्लॉकची जागा पाण्यात बुडून चालणाऱ्या मोटरीने घेतली.

असा पंप खोलून जोडायला शिकवणारा सराव हेडसेटमध्ये करायचा आहे असं समजा. कारखान्याकडे पंपाचं कॅड चित्र असतं. त्यात प्रत्येक पृष्ठभाग गणिताच्या सूत्रांनी नेमका मांडलेला असतो. हेडसेटला सूत्रं चालत नाहीत, त्याला त्रिकोण लागतात. रूपांतर करताना एका बोल्टच्या आट्यांचेच हजारो त्रिकोण होतात. हेडसेटला सेकंदाला 72 ते 90 चित्रं काढायची असतात, म्हणजे 90 धरली तर एका चित्राला 11 मिलिसेकंद. मान वळवली आणि चित्र वीसेक मिलिसेकंदांहून उशिरा वळलं तर डोळे एक सांगतात आणि कानातला तोलाचा अवयव दुसरं, आणि मळमळायला लागतं. म्हणून आटे कोरून ठेवत नाहीत. गुळगुळीत दांड्यावर छायाप्रकाशाचा असा नकाशा चढवतात की आटे असल्याचा भास होतो. आणखी एक बारीक खोडा: कॅडचं माप बहुधा मिलिमीटरमध्ये, खेळ बनवणाऱ्या बऱ्याच इंजिनांचं मीटरमध्ये. रूपांतर चुकलं तर वायसर ग्रामपंचायतीएवढा होऊन समोर उभा राहतो.

डोळ्याला दिसणारी वस्तू आणि हाताला लागणारी वस्तू या दोन वेगळ्या असतात, हे मला फार उशिरा नीट उमगलं. दिसणाऱ्या भागावर एक अदृश्य कवच चढवावं लागतं. टक्कर होते ती कवचाची. हे कवच साधं ठेवावं लागतं, कारण प्रत्येक क्षणी कोण कोणाला भिडलं याचा हिशोब चाललेला असतो. युनिटी या बहुवापराच्या इंजिनात तर भौतिकीच्या नियमांनी हलणाऱ्या वस्तूला खाचखळगे असलेलं कवच चालतच नाही. बाहेरच्या बाजूने फुगीर असलेलंच लागतं, आणि तेही 255 त्रिकोणांच्या आत. म्हणजे काय होतं? बांगडीभोवती रुमाल गच्च ताणून बांधा. रुमालाचा आकार ते तुमचं कवच. बांगडीचं भोक बुजलं. बेअरिंगचं तसंच होतं. चित्रात भोक स्वच्छ दिसतं, पण शाफ्ट घालायला गेलं की हवेतल्या पडद्यावर आपटतो. उपाय म्हणून बेअरिंगचं कवच गोल मांडलेल्या लहान लहान ठोकळ्यांचं करतात, किंवा शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली टक्करच बंद करून त्या जागी नियम लिहितात.

मी नियमाच्या बाजूचा आहे. खऱ्या बसणीत बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा फरक. इंजिन भौतिकीचा हिशोब ठरलेल्या अंतराने करतं, युनिटीत मूळ ठरावाप्रमाणे सेकंदाला 50 वेळा. दोन हिशोबांच्या मधे हात काही सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. एवढ्या घट्ट बसणीत दोन कवचं एकमेकांत घुसतात, इंजिन त्यांना बाहेर फेकतं, ती परत घुसतात, आणि बेअरिंग भुतासारखं थरथरतं. म्हणून करतात असं: शाफ्टच्या तोंडाशी एक अदृश्य गोल ठेवायचा. बेअरिंग त्या गोलात आलं आणि त्याचा कोन बऱ्यापैकी सरळ असला की सहापैकी पाच हालचाली काढून घ्यायच्या आणि शाफ्टच्या रेषेत सरकणं तेवढं ठेवायचं. घरोटाचाच न्याय, फिरण्याऐवजी सरकण्याला लावलेला.

तो गोल केवढा ठेवायचा, हा मात्र शिकवणाऱ्याचा निर्णय. फार मोठा ठेवला तर बेअरिंग लोहचुंबकासारखं जागेवर जाऊन बसतं आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्याला आलं. फार लहान ठेवला तर कंट्रोलरच्या थरथरीनेच तो रडकुंडीला येतो, आणि ती थरथर काही त्याची चूक नसते. पहिल्या दिवशी गोल मोठा आणि रोज थोडा आवळत न्यावा, अशी माझी पद्धत. सायकल शिकवणारा मागून धरलेला हात असाच सोडत जातो.

बेअरिंगमध्ये याहून मोलाचा एक धडा दडला आहे. मोटरीत 6305 नंबरचं बेअरिंग असलं, तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणून भोकाचं माप निघतं: 25 मिलिमीटर. ते शाफ्टवर घट्ट बसतं, ठोकून बसवावं लागतं. ठोकायचं कुठे? आतल्या कड्यावर, नळीचा तुकडा ठेवून. बाहेरच्या कड्यावर ठोकलं की सगळा मार आतल्या गोळ्यांतून जातो आणि त्यांच्या चाकोरीत बारीक खड्डे पडतात. बेअरिंग त्या दिवशी चालतं, आठवड्याने घरघरतं, आणि दोष बेअरिंगच्या कंपनीला जातो. आभासी बेअरिंग एकसंध केलं तर हा धडा शिकवताच येणार नाही. त्याची दोन कडी वेगळे भाग म्हणून करावी लागतात, दोन्हींना वेगळी कवचं, आणि चुकीच्या कड्यावर बसलेला घाव नाकारायचा नाही. तो स्वीकारायचा, मोजायचा, लक्षात ठेवायचा. मग घड्याळ आठवडाभर पुढे ढकलून मोटर चालू करायची आणि ती घरघर ऐकवायची. खऱ्या कार्यशाळेत आठवडा असा ढकलता येत नाही. हेडसेटचा खरा नफा मला इथे वाटतो.

नटाची गंमत वेगळी. एम-12 चा नट एक पूर्ण फेरा फिरला की 1.75 मिलिमीटर सरकतो. म्हणजे इथे दोन हालचाली एकमेकींना बांधलेल्या: फिरल्याशिवाय सरकायचं नाही, आणि सरकायचं ते या मापानेच. एवढं गणित एका ओळीत बसतं. पान्याचं बसत नाही. पाना नटावर चढला की त्याने नटाच्या आसाभोवतीच फिरायचं. पंपाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, आडवं आलं की थांबायचं, काढायचं, परत लावायचं. सहा बाजूंचा नट 60 अंशांनी पुन्हा पहिल्यासारखा दिसतो, म्हणून पाना लागायला 60 अंशांची जागा हवी. अडचणीच्या जागी तेवढी मिळत नाही. म्हणून तर साध्या पान्याचं तोंड दांडीला 15 अंश वाकडं केलेलं असतं: एकदा सुलटा, एकदा उलटा लावला की 30 अंशांच्या जागेत काम भागतं. ही युक्ती फिटरच्या बोटांना माहीत असते, बोलताना त्याला आठवतही नाही. आभासी पान्याचं तोंड सरळ काढलं, किंवा पाना केसिंगातून आरपार जाऊ दिला, तर ही युक्ती शिकवणीतून गळून पडली.

जोराचं काय? इथे हेडसेट हात टेकतो, आणि ते मोकळेपणाने सांगायला हवं. एम-12 चा 8.8 प्रतीचा बोल्ट आवळायला साधारण 80 न्यूटन-मीटर लागतात. 30 सेंटिमीटरच्या पान्यावर ते 27 किलो वजन टांगण्याइतकं. कंट्रोलर हवेत फिरवणाऱ्या मनगटाला यातलं काही लागत नाही. कंट्रोलर थरथरू शकतो, आवळताना थरथर वाढू शकते, नेमक्या जोरावर 'कट्' असा झटका देऊ शकतो. वजनासाठी एक फसवणूक करतात: हात पुढे जातो, जड वस्तू मागे रेंगाळते, आणि डोळ्यांच्या सांगण्यावरून मेंदू वजन मानतो. केसिंग एका हाताने उचलायला गेलं तर ते उचललंच जात नाही, दुसरा हात लावावा लागतो. हात पोलादाच्या आरपार गेला तर दिसणारा हात पृष्ठभागावर थांबवून ठेवतात आणि खऱ्या हाताची पुसट सावली पुढे गेलेली दाखवतात. हे सगळं उपयोगाचं आहे, पण नट कुठे घट्ट झाला आणि कुठे आटे मारायला लागला, हा फरक मनगटालाच कळतो. त्यासाठी तेलकट पाना आणि खरा नटच हवा.

तरी माणसं फार आधीपासून अशा खोट्या यंत्रांवर शिकत आली आहेत. अमेरिकेत एडविन लिंक याच्या वडिलांचा वाद्यं बनवण्याचा कारखाना होता. पेटीचे भाते आणि हवेचे पंप वापरून त्याने 1929 मध्ये जमिनीवरच डुलणारं, कलणारं विमानाचं खोकं केलं, आणि दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या खोक्यात बसून शिकले. डोक्यावर चढवायचा पडदा आयव्हन सदरलँडने 1968 मध्ये करून दाखवला. तो एवढा जड होता की छतापासून टांगावा लागे. हबल दुर्बिणीचा आरसा सदोष निघाला तेव्हा डिसेंबर 1993 मध्ये अंतराळात जाऊन ती दुरुस्त करावी लागली, आणि त्या मोहिमेच्या तयारीत पाण्याच्या टाकीतल्या सरावाबरोबर नासाने आभासी वास्तवही वापरलं. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि पुण्याचं सीओईपी ही देशभरातल्या व्हर्च्युअल लॅब प्रकल्पातली केंद्रं आहेत. तिथल्या प्रयोगांना हेडसेटही लागत नाही, साधा कॉम्प्युटर पुरतो. जळगावला आयटीआय आहे, भुसावळला रेल्वेची क्षेत्रीय प्रशिक्षण संस्था आणि इलेक्ट्रिक लोको शेड आहे. ज्या जिल्ह्यात एवढे हात यंत्रावर शिकतात, तिथे ही विद्या पाहुण्यासारखी येऊन जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कारण ती सर्वांत जास्त उपयोगी पडते जिथे चूक जिवावर बेतते तिथे. पंप खोलण्याआधी स्टार्टर बंद करून मेन स्विचचे फ्यूज काढून खिशात घालायचे, हे फळ्यावर शंभर वेळा लिहून घेता येतं. सरावात मात्र प्रत्येक भागाला आपली अवस्था माहीत असते: जागेवर, सैल, सुटा, हातात. आणि प्रत्येक अवस्थेला अटी असतात. केसिंग निघेल ते नट निघाल्यावर, इंपेलर निघेल तो केसिंग निघाल्यावर. नवख्या बनवणाऱ्याचा मोह असा की फ्यूजसुद्धा याच साखळीत ओवायचा: फ्यूज काढल्याशिवाय नटच हलणार नाही. तसं केलं तर मुलगा कुलपाची किल्ली शोधल्यासारखा फ्यूज शोधतो आणि विसरतो. नट हलू द्यावा. वायरीला हातही लागू द्यावा. आणि मग अंधार करावा.

तीन फेजच्या वायरींचंही तसंच. तिन्हींपैकी कोणत्याही दोन अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. उलटा फिरणारा मोनोब्लॉक पाणी देतो, पण निम्मंशिम्मं, आणि बऱ्याच पंपांत इंपेलरच्या नटाचे आटे असे असतात की सुलट्या फेऱ्याने तो आवळत जावा; उलट्या फेऱ्याने सैल होण्याची भीती. आभासी वायरींची टोकं खरोखर अदलाबदल करता आली, आणि त्याप्रमाणे शाफ्टचा फेरा, पाण्याची धार आणि मोटरीचा आवाज बदलला, तर ती तीन टोकं सगळ्या चकचकीत चित्रांहून मोलाची.

प्रत्येक भागाला दाद द्यायला लावायचं का? पंपात समजा तीस भाग आहेत आणि शिकवायचे दहा. दहाच जिवंत केले तर मुलं पंधरा मिनिटांत ओळखतात की जे हलतं तेच बरोबर, आणि चाचपडत पुढे सरकतात. म्हणून चुकीच्या नटांनाही हलता आलं पाहिजे. काम दुप्पट होतं, पैसा जास्त लागतो, आणि बरेच जण इथेच हात आखडता घेतात.

शब्दांचाही विचार हवा. भागावर बोट ठेवलं की नाव ऐकू यावं, आणि ते गॅरेजात चालणारं असावं: वायसर, आटे, ग्लँडची दोरी, फुटबॉल. पुस्तकी नाव पाठोपाठ आलं तर हरकत नाही. ज्याला वाचायला जड जातं पण ज्याचा हात बसलेला आहे, अशा माणसाला या सरावात कुठेच अडायला नको. बहिणाबाईंच्या गावचा म्हणून मी हा आग्रह जरा जास्तच धरतो.

माझा घरोट अजून पुरा झालेला नाही. खुंटा फिरतो, तोंडात मूठभर दाणे टाकता येतात, कडेने पीठ पडतं. पण दळणारी बाई तोंडाकडे बघून घास टाकत नाही. दाणे संपत आले की तळीवर तळी घासल्याचा कोरडा आवाज येतो, फेरा किंचित हलका होतो, आणि तिचा डावा हात आपोआप सुपाकडे जातो. आवाजाचे दोन तुकडे मी ध्वनिमुद्रित केले आहेत, दाणे असतानाचा आणि सरतानाचा. एकातून दुसऱ्यात कुठल्या फेऱ्याला जायचं, ते आमच्या गल्लीतल्या एका आजी हेडसेट लावून, खुंटा धरून मला सांगताहेत. आतापर्यंत तीनदा त्यांनी मान हलवली: अजून लवकर.